जनरल फिजिशियन राहायचे ठरवताना

आमची तुकडी सुरुवातीपासूनच वेळापत्रकाच्या मागे होती. करोनामुळे पुढे ढकललेली नीट पीजी (एमडी-एमएसची प्रवेशपरीक्षा) ११ सप्टेंबर २०२१ रोजी झाली, त्यानंतर आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेल्याने काउन्सेलिंग (जागावाटप) रखडले, आणि आम्ही वॉर्डात रुजू झालो तेव्हा २०२२ साल उजाडले होते. सुरुवात उशिरा झाल्यामुळे शेवटी सगळेच एकमेकांच्या अंगावर आले: प्रबंध, विद्यापीठाची परीक्षा, बंधपत्राची (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची) नेमणूक आणि डीएमच्या, म्हणजे एमडीनंतरच्या अतिविशेषोपचार पदवीच्या, प्रवेशासाठीची नीट एसएस. आमच्या तुकडीलाही बसता यावे म्हणून नीट एसएस २०२४ ही परीक्षा २०२५ च्या मार्चअखेरीस घेण्यात आली. मी त्या वेळी राज्यातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी मेडिसिन (फिजिशियनची पदव्युत्तर पदवी) पूर्ण करत होते. पुढे काय करायचे हे मी कसे ठरवले, कोणाकोणाला भेटले, कोणते पर्याय जवळून पाहिले आणि कोणते का सोडले, ते इथे लिहीत आहे. आज जे जेआर-थ्री (तिसऱ्या वर्षाचे कनिष्ठ निवासी डॉक्टर) आहेत त्यांना त्यातले काही उपयोगी पडावे, एवढाच हेतू आहे.

मेडिसिन विभागात तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला ‘डीएम करणार का’ असे कोणी विचारत नाही. ‘डीएम कशात’ असेच विचारले जाते. हृदयरोग, पोटविकार, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, अंतःस्रावी ग्रंथींचे विकार, कर्करोग, अतिदक्षता यांपैकी एखादे नाव सांगितले की समोरच्याचे समाधान होते, आणि नाव सांगता आले नाही तर तुमचा अभ्यास मागे पडला आहे असे धरले जाते. ही समजूत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मोठ्या शहरांत छातीत दुखले की रुग्ण थेट हृदयरोगतज्ज्ञाचे दार ठोठावतो आणि साखर वाढली की मधुमेहतज्ज्ञाचे, त्यामुळे नुसत्या एमडी फिजिशियनकडे काय उरते हा प्रश्न तिथे खरोखरच पडतो. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनाही कोणीतरी सांगितले होते की आजकाल एमडीला कोणी विचारत नाही, आणि ती काळजी त्यांच्या प्रत्येक फोनमध्ये असे.

या प्रश्नाला वयाची आणि पैशाची बाजूही आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, त्यानंतरचे बंधपत्र, पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गेलेला काळ, एमडीची तीन वर्षे, पुन्हा एक वर्षाचे बंधपत्र, मग डीएमची तीन वर्षे आणि त्याचेही बंधपत्र, अशी बेरीज केली तर स्वतःच्या निर्णयाने काम करायला मिळेपर्यंत पस्तिशी ओलांडते. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकणाऱ्याने बंधपत्रित सेवा केली नाही तर एमबीबीएससाठी १० लाख, एमडी-एमएससाठी ५० लाख आणि अतिविशेषोपचार पदवीसाठी २ कोटी रुपये भरावे लागतात. त्यामुळे डीएमला प्रवेश घेणे म्हणजे तीन वर्षांचा नव्हे, तर प्रत्यक्षात चार वर्षांचा निर्णय असतो. ज्याला त्या शाखेची मनापासून ओढ आहे त्याच्यासाठी ही चार वर्षे सार्थकी लागतात, आणि आमच्या तुकडीतल्या अशा दोघांचा मला आदरच आहे. मात्र ‘सगळे करतात म्हणून’ एवढ्याच कारणावर चार वर्षे द्यावीत का, हा प्रश्न मला दुसऱ्या वर्षापासून सतावत होता.

त्याचे उत्तर मिळायला सुरुवात झाली ती जिल्हा निवासी कार्यक्रमामुळे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले, आणि ते प्रथम आमच्या तुकडीला लागू झाले. विभागात याविषयी नाराजी होती. युनिटमधले हात कमी होणार, प्रबंधाचे रुग्ण सुटणार, आणि तिथे शिकायला काय मिळणार, असा सूर होता. मलाही जाताना फारसा उत्साह नव्हता. पण पहिल्या काही दिवसांतच लक्षात आले की इथले काम वेगळ्या जातीचे आहे. महाविद्यालयात आमच्या डोक्यावर लेक्चरर, त्यांच्यावर सहयोगी प्राध्यापक, त्यांच्यावर युनिटप्रमुख अशी उतरंड असते आणि शंका आली की कार्डिओलॉजीला किंवा न्यूरोलॉजीला कॉल पाठवता येतो. जिल्हा रुग्णालयात रात्री फिजिशियन म्हणून मी, वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर आणि १०८ ची रुग्णवाहिका एवढेच असायचे.

पावसाळ्यातली एक पहाट सांगते. पोटात दुखते आणि उलटीसारखे होते म्हणून चाळिशीच्या एका शेतमजूर बाईंना त्यांच्या मुलाने आणले. अंगावर कुठे जखम नव्हती, पोट मऊ होते, रक्तदाब ठीक होता. आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन त्यांना निरीक्षणाखाली ठेवले होते. अर्ध्या तासाने सिस्टर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, बाईंचा आवाज बदललाय, जरा बघा.” आवाज नाकातून येत होता, पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, आणि वर बघायला सांगितले तर डोळ्यांऐवजी कपाळावर आठ्या येत होत्या. मुलाला विचारले तेव्हा कळले की पत्र्याच्या घरात सगळे जमिनीवरच झोपतात. मण्यार चावल्याचे कळतसुद्धा नाही. दात बारीक, वेदना नगण्य, आणि पहिले लक्षण अनेकदा पोटदुखीच असते, हे पुस्तकात वाचलेले होते. सर्पविषप्रतिबंधक लसीच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या, ती चालू असतानाच मानेची ताकद जाऊ लागली, म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकावर बसले की लस दिल्यावरही ते लगेच सुटत नाही. श्वास यंत्रावर सांभाळत वाट पाहणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. चौथ्या दिवशी बाईंनी डोळे उघडले आणि आठवड्याने त्या चालत घरी गेल्या.

ही घटना मी माझ्या हुशारीसाठी सांगत नाही. लक्षण आधी सिस्टरांनी हेरले होते. सांगायचे आहे ते हे की या रुग्णाला कोणत्याही एका अवयवाचा तज्ज्ञ नको होता. पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाच्या पापण्यांकडे बघणारा, व्हेंटिलेटर लावू शकणारा आणि पुढचे चार दिवस तिथेच असणारा फिजिशियन हवा होता. त्या तीन महिन्यांत कीटकनाशक प्यायलेले तरुण आले, ज्यांना ॲट्रोपिन या उताऱ्याचा डोस रात्रभर हाताने सांभाळावा लागतो. हृदयविकाराचा झटका आलेले आले, ज्यांची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन आमच्याकडेच द्यायचे होते, कारण अँजिओप्लास्टीची सोय असलेले शहर तीन तासांवर होते. सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणारी मुलगी आली, इन्शुलिन परवडत नाही म्हणून बंद केलेले आजोबा आले, फुप्फुसाचा क्षय आणि मधुमेह दोन्ही एकत्र घेऊन येणारे तर रोजचेच होते. तिथून परतताना ‘डीएम कशात’ या प्रश्नाऐवजी ‘मला दिवसभर कोणते काम करायला आवडते’ हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का झाला होता.

तेव्हापासून मी एक नियम केला: ज्या पर्यायाचा विचार करायचा तिथे जाऊन एखादा तरी पूर्ण दिवस काढायचा. निवासी डॉक्टरला सुट्टी मिळवणे किती अवघड असते हे मी वेगळे सांगायला नको, पण पोस्ट-ड्यूटीचा (रात्रीच्या ड्यूटीनंतरचा) दिवस आणि एखादा रविवार यांची सांगड घालून ते जमले.

पहिली भेट आमच्या विभागातून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका सरांच्या रुग्णालयाला दिली. तालुक्याचे गाव, पंधरा खाटा, त्यातल्या चार अतिदक्षता विभागाच्या, तळमजल्यावर ओपीडी, वर घर. सकाळी दहाच्या आत बाहेर चपलांचा ढीग आणि दुपारी तीनपर्यंत सर खुर्चीतून उठलेले नाहीत. रुग्ण पाहण्याचे त्यांचे कौशल्य आमच्या प्राध्यापकांच्या तोडीचे आहे, आणि दर रुग्णामागे त्यांना मिळणारा वेळ तीन-चार मिनिटांचा. जेवताना त्यांनी मला फाइल दाखवली. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचे प्रमाणपत्र, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या संस्थेशी केलेला करार, अग्निशमनाचा दाखला, औषध दुकानाचा परवाना, आणि टूडी-इकोच्या यंत्राची पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याखालची नोंद. यंत्र हृदय पाहण्यासाठी घेतले असले तरी ते सोनोग्राफीचेच यंत्र असल्याने कायद्याची नोंद आणि त्याच्या नोंदवह्या चुकत नाहीत, हे मला तिथे कळले. एमडीच्या तीन वर्षांत यातले एक अक्षरही कोणी शिकवत नाही. ते शिकवले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आमच्यापैकी निम्मेअधिक लोक शेवटी स्वतःचे रुग्णालयच काढतात.

सरांनी दोन गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या. पहिली म्हणजे रेफरन्सचा प्रश्न. सुरुवातीला रुग्ण पाठवणाऱ्या काही डॉक्टरांची टक्केवारीची अपेक्षा होती. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, आणि सरांनी ते कधीच दिले नाही. त्याचा परिणाम म्हणून पहिली दोन वर्षे कर्जाचे हप्ते भरताना ओढाताण झाली. पुढे रुग्णच रुग्णांना सांगू लागले आणि गाडी रुळावर आली. ‘हे दोन वर्षांचे भांडवल हाताशी असेल तरच स्वतःचे काढ,’ असे त्यांनी सांगितले, आणि मला मिळालेल्या सल्ल्यांत हा सर्वांत नेमका होता. दुसरी गोष्ट सुट्टीची. गावात दुसरे एक फिजिशियन आहेत, ज्यांना लोक सरांचे प्रतिस्पर्धी समजतात. त्या दोघांनी ठरवून एक शनिवार-रविवार याने आणि पुढचा त्याने दोन्हीकडचे अतिदक्षता रुग्ण सांभाळायचे अशी पद्धत घातली आहे. त्याआधी सर चार वर्षे गावाबाहेर मुक्कामाला गेलेले नव्हते. ही व्यवस्था मी मनात नोंदवून ठेवली.

दुसरा पर्याय पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाचा होता. तिथे कनिष्ठ कन्सल्टंट म्हणून बोलावणे आले आणि मुलाखतीनंतर कराराचा मसुदा वाचायला मिळाला. पहिले सहा महिने मिनिमम गॅरंटी, म्हणजे रुग्ण आले न आले तरी ठरलेली रक्कम. त्यानंतर तपासलेल्या रुग्णांच्या शुल्कातून रुग्णालयाचा वाटा वजा करून उरेल ते. पगार नव्हे, व्यावसायिक शुल्क, म्हणून दहा टक्के टीडीएस कापून, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा वगैरे काही नाही. अन्यत्र प्रॅक्टिस करायची नाही, सोडायचे तर तीन महिन्यांची पूर्वसूचना. हे सगळे व्यवहार म्हणून मला समजण्यासारखे वाटले. अडले ते एका ठिकाणी. दरमहा होणाऱ्या आढाव्यात ‘कन्व्हर्जन’ पाहिले जाईल, म्हणजे ओपीडीत आलेल्यांपैकी किती जण दाखल झाले त्याचे प्रमाण, असे व्यवस्थापनाच्या बाईंनी सहजपणे सांगितले. रुग्णाला दाखल करायचे की गोळ्या देऊन घरी पाठवायचे हा निर्णय मी ज्या कारणांवरून घ्यायला शिकले त्यांत महिनाअखेरचा आढावा कुठेही बसत नव्हता. तरीही न्यायाने सांगायला हवे की तिथल्या अतिदक्षता विभागाचे काम अव्वल दर्जाचे होते, संसर्ग नियंत्रणाची शिस्त आमच्या सरकारी वॉर्डांनी घ्यावी अशी होती, आणि ज्यांना बारा तासांच्या पाळीत इंटेन्सिव्हिस्ट (अतिदक्षतातज्ज्ञ) म्हणून काम करायचे आहे त्यांना झोपेची आणि घराची निश्चिती तिथे मिळते. माझी एक मैत्रीण अतिदक्षतेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून अशाच ठिकाणी समाधानाने काम करते आहे.

बाकीच्या वाटा मी दुरूनच पाहिल्या. आमच्यातल्या एकाने दुसऱ्या वर्षापासूनच एमआरसीपीचे, म्हणजे ब्रिटनमधल्या फिजिशियनच्या अर्हतेचे, टप्पे सुरू केले होते. दोन लेखी आणि एक प्रात्यक्षिक परीक्षा पार झाल्या की ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी परदेशी डॉक्टरांची प्लॅब परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावीच लागते. अमेरिकेला जायचे तर तिथे रेसिडेन्सी (निवासी डॉक्टर म्हणूनचे प्रशिक्षण) सहसा पहिल्यापासून करावी लागते, त्यामुळे एमडी संपवून तिकडे जाणारे आमच्यात कोणी नव्हते. औषध कंपन्यांतील वैद्यकीय सल्लागाराचे काम, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, हे पर्यायही चांगले आहेत, पण मला रुग्णाच्या खाटेजवळून दूर जायचे नव्हते, एवढ्यावर तो विचार संपला.

हा निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. माझा नवरा त्याच काळात दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात बधिरीकरणशास्त्रात एमडी करत होता. दोन निवासी डॉक्टरांच्या संसारात एकमेकांची ड्यूटी बघून भेटी ठरवाव्या लागतात, आणि पुढची सात-आठ वर्षे तशीच काढायची का, हेही आम्हाला ठरवायचे होते. मी डीएम केले तर मोठे शहर ठरलेले. त्याच्यासाठी मात्र जिल्ह्याचे ठिकाण उलट सोयीचे होते: तिथे शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ पुष्कळ आणि भूलतज्ज्ञ मोजकेच असतात, त्यामुळे पाच-सहा रुग्णालयांत बोलावण्यावरून जाणारा भूलतज्ज्ञ पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. शिवाय मला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळायचा असेल तर शेजारी भूलतज्ज्ञ असणे ही फिजिशियनच्या दृष्टीने मोठीच जोड आहे. कागद घेऊन दोघांनी आपापल्या पर्यायांपुढे गावे लिहिली, तेव्हा दोन्ही याद्यांत सामाईक निघाली ती मध्यम आकाराची जिल्ह्याची गावेच.

याच काळात, ९ ऑगस्ट २०२४ रोजी, कोलकात्यातील सरकारी महाविद्यालयात ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी ओपीडी बंद ठेवली. आम्हीही मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या आंदोलनात होतो. त्यानंतर माझ्या आईने माझ्यापुढे एकच अट ठेवली: जिथे जाशील तिथली रात्रीची ड्यूटीची खोली आधी बघून ये. ती अट मी पाळली, आणि नेमणुकीचा पसंतीक्रम ठरवताना त्या गावातल्या रुग्णालयाच्या ड्यूटीरूमला आतून कडी आहे का, स्वच्छतागृह जोडून आहे का, अतिदक्षता विभागाच्या दाराशी सुरक्षारक्षक असतो का, हे मी तिथे काम करणाऱ्या डॉक्टर मुलींना फोन करून विचारले. पदव्युत्तर शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीने हे प्रश्न न संकोचता विचारावेत.

नीट एसएसचा अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा मी माझ्या प्रबंधाच्या गाईड मॅडमकडे गेले. त्या विभागातल्या सर्वांत कडक परीक्षक, त्यामुळे बोलताना मला धाकधूक होती. मी सांगितले की मला जनरल फिजिशियन म्हणूनच काम करायचे आहे, आणि कमी अभ्यास झाल्यामुळे मी हे म्हणते आहे असे कोणी समजू नये अशी माझी इच्छा आहे. मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “दहा वर्षांनी तुझा वर्गमित्र अँजिओप्लास्टीच्या कॅथलॅबमधून फोन करून तुझा रुग्ण त्याच्या नावावर करून घेईल, तेव्हा तुला वाईट वाटेल का?” मी विचार करून म्हणाले की तो रुग्ण वेळेत त्याच्यापर्यंत पोहोचला असेल तर नाही वाटणार. त्या म्हणाल्या, “मग अर्ज भरू नकोस. पण वाचन सोडलेस तर मी तुला माफ करणार नाही.” महाडमध्ये राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे काम जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण त्यांनी दिले. फिजिशियनने आपल्या गावातल्या रुग्णांकडे नीट पाहिले, त्यांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या, तर ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकालाही ते छापावे लागते, असे त्या म्हणाल्या. मी अर्ज भरला नाही. घरी हे सांगायला मात्र आणखी काही आठवडे घेतले, आणि वडिलांना ते पटायला त्याहून जास्त लागले.

विद्यापीठाच्या परीक्षेविषयी लांबण लावत नाही. चार लेखी पेपर, मग रुग्ण तपासून दाखवायच्या लाँग केस व शॉर्ट केसेस, आणि तोंडी परीक्षा. ती ज्यांनी दिली त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना द्यायची आहे त्यांना आमच्या सांगण्याने फरक पडत नाही. एकच सुचवते. पुढचा निर्णय परीक्षेच्या आधी तीन-चार महिने मार्गी लावून ठेवावा, म्हणजे वाचताना मन दोन ठिकाणी राहत नाही.

परीक्षेनंतरची कागदपत्रांची फेरी मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण निकालाच्या आनंदात तिच्याकडे दुर्लक्ष होते. महाविद्यालय सोडताना ग्रंथालय, वसतिगृह, लेखा शाखा आणि विभाग यांचे ना-देय दाखले लागतात. विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळाले की महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे एमडीची अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद करावी लागते. ती झाल्याशिवाय पाटीवर किंवा चिठ्ठीवर एमडी लिहिणे योग्य नाही. परिषदेची मूळ नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण लागतात. निवासी काळात हजेरी लावलेल्या वैद्यकीय संमेलनांची प्रमाणपत्रे जपून ठेवली असतील तर पुढची धावपळ वाचते. व्यावसायिक जोखमीचा विमाही मी याच वेळी स्वतःच्या नावाने घेतला, कारण विद्यार्थी म्हणून मिळणारे संस्थेचे छत्र इथे संपते.

बंधपत्रासाठी पसंतीक्रम भरताना आम्ही दोघांनी तीच नावे त्याच क्रमाने दिली. २०२४ मध्ये राज्यात जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली यांच्यासह दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, आणि त्यांतली कितीतरी जुन्या जिल्हा रुग्णालयांना जोडूनच आहेत. आमच्या बहुतेक बॅचमेटनी मुंबई, पुणे, नागपूर ही नावे वर ठेवली. आम्ही नव्या महाविद्यालयांची ठेवली, आणि दोघांनाही एकाच ठिकाणी वरिष्ठ निवासी म्हणून जागा मिळाली. तिथे अजून पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झालेला नाही. म्हणजे हाताखाली जेआर नाहीत. वॉर्डाचा राउंड, रात्रीचा कॉल, डायलिसिसच्या रुग्णांची देखरेख, एमबीबीएसच्या मुलांचे क्लिनिक, सगळे वरिष्ठ निवासी आणि सहायक प्राध्यापक मिळून करतात. पहिले दोन महिने फार थकवणारे गेले. इकोकार्डिओग्राफीची प्राथमिक तपासणी, मध्यवर्ती शिरेत नळी घालणे, डायलिसिसची लाइन टाकणे ही कामे महाविद्यालयात इतर विभागांकडे असत. इथे ती मला स्वतः करावी लागली आणि वर्षभरात त्यांवर हात बसला. अवयवाचा तज्ज्ञ नसलेल्या फिजिशियनला ही कौशल्ये यायलाच हवीत. ती येत नसतील तर जिल्ह्यात राहून रुग्ण पुढे पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि तसे करायचे नसल्यानेच मी हा मार्ग घेतला होता.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. न्यूरोलॉजीचा सल्ला हवा असेल तर मला फोनवर अवलंबून राहावे लागते. स्टोअरमध्ये एखादे महागडे प्रतिजैविक संपले की नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगताना जड जाते. फिजिशियनच्या ओपीडीत रुग्णांची रांग इतकी असते की मधुमेहाच्या रुग्णाला पायांची काळजी समजावून सांगायला हवी तेवढी मिनिटे मिळत नाहीत. त्यासाठी आम्ही आता आठवड्यातून एक दुपार वेगळी ठेवली आहे आणि तिथे सिस्टरच शिकवतात.

बंधपत्राचे वर्ष आता संपत आले आहे. वरिष्ठ निवासी म्हणून एक वर्ष पूर्ण झाले की सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र होता येते. कायमस्वरूपी भरती लोकसेवा आयोगामार्फत होते आणि तिला वेळ लागतो, तोवर कंत्राटी जागा भरल्या जातात. त्या कंत्राटी नेमणुकीत नूतनीकरणाची अनिश्चितता आहे, हे मी आणि नवऱ्याने मोकळेपणाने बोलून स्वीकारले आहे. तो गावातल्या रुग्णालयांतून भूलतज्ज्ञ म्हणून काम करील, म्हणजे एका उत्पन्नाला तरी स्थैर्य राहील. गावात खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या दोन फिजिशियनशी माझे बोलणे झाले आहे. पुढे मी सरकारी नोकरी सोडून स्वतःचे काही सुरू केले, तर अतिदक्षतेचे रुग्ण तिघांनी आळीपाळीने सांभाळावेत, यावर त्यांची तत्त्वतः संमती आहे, आणि तालुक्याच्या सरांची ती व्यवस्था मी त्यांना समजावून सांगितली आहे. इथल्या महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मी अर्ज केला असून मुलाखतीचे पत्र आले आहे. मागितलेल्या कागदांपैकी वरिष्ठ निवासीपदाच्या अनुभवाचा दाखला तेवढा अजून अधिष्ठाता कार्यालयातून मिळायचा आहे.